मिलमध्ये ग्राइंडिंग एड टाकू का? आधी स्लरी किती घट्ट आहे ते बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते कळेल. हेमॅटाइटची, म्हणजे लोखंडाच्या खनिजाची, ओली बॉल मिल आहे (पाणी घालून स्टीलच्या गोळ्यांनी दळणारी), पुढे फिल्टर आणि पेलेट प्लँट, जिथे दळलेल्या मालाचे गोळे वळतात. मिल २०० टीपीएचला (तासाला टन) अडकलीये, ८० टक्के माल ४५ मायक्रॉनखाली लागतो, मिलमधली स्लरी, म्हणजे माल आणि पाण्याचा रबडा, ७० टक्के सॉलिडवर चालते, पावसाळ्यात खाणीतून माती जास्त येते. आणि आता एक सप्लायर म्हणतोय की टनाला २०० ग्रॅम आमचं ग्राइंडिंग एड, म्हणजे दळण सुधारणारं केमिकल, टाका, १२ ते १५ टक्के थ्रूपुट वाढेल. घ्यावं का?

आज नका घेऊ. दोन महिन्यांनी कदाचित घ्याल, पण तेव्हा कशासाठी घेताय ते तुम्हाला माहीत असेल, सप्लायरच्या पीपीटीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

मी नोकरीची सुरुवातीची वर्षं चंद्रपूरकडे सिमेंट मिलवर काढली आणि नंतरची सगळी ओल्या मिलवर, आधी तांबं मग लोखंड. त्यामुळे ग्राइंडिंग एडची दोन्ही रूपं बघितलीयेत आणि पहिला गोंधळ इथेच होतो असं माझं मत आहे. आपल्याकडे बरेच लोक सिमेंटमधून येतात, तिथे ग्राइंडिंग एड म्हणजे रोजचं मीठ, मग ओर (खनिज) प्लँटला आल्यावर वाटतं की इथे पण तसंच चालत असेल. नाही चालत.

सिमेंटमध्ये काय होतं बघा. क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे, कोरडा दळला जातो, कण बारीक झाले की ताज्या फुटलेल्या पृष्ठभागावर चार्ज असतो, कण एकमेकांना चिकटतात, बॉलवर आणि लायनरवर थर बसतो, आम्ही त्याला कोटिंग म्हणायचो. कोटिंग बसलं की गोळा दगडावर न आपटता जणू गादीवर आपटतो. तिथे ट्रायइथॅनॉलअमाइन किंवा ग्लायकॉल टनाला काहीशे ग्रॅम टाकलं की ते ताज्या पृष्ठभागावर जाऊन बसतं, चार्ज मरतो, पावडर मोकळी होते. रात्री डोसिंग पंप बंद पडला तर अर्ध्या-पाऊण तासात मिलचा आवाज बदलायचा, एलिव्हेटरचे अँपिअर बदलायचे, कंट्रोल रूमला कळायच्या आधी खाली फिरणाऱ्या माणसाला कळायचं. आणि डोस जास्त झाला तर पावडर इतकी वाहती होते की मिलमध्ये थांबतच नाही, फ्लश होऊन जाडी निघून येते. शिवाय सिमेंटमध्ये ते केमिकल मालातच राहतं आणि त्यातली काही सिमेंटची स्ट्रेंग्थ पण वाढवतात, म्हणजे एका पैशात दोन कामं.

ओरच्या ओल्या मिलमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. पाणी आहे म्हणून स्टॅटिक चार्जचा तो प्रकार नाही, केमिकलचा काही भाग मालासोबत न जाता पाण्यात राहतो आणि ते पाणी थिकनरमधून (माल खाली बसवून पाणी वेगळं करणारी टाकी) फिरून परत तुमच्याकडेच येतं. मग तिथे केमिकल करतं काय?

यावर जुना वाद आहे. १९२८ साली रेबिंडर या सोव्हिएत शास्त्रज्ञाने दाखवलं की घन पदार्थाच्या पृष्ठभागावर काही रसायनं चिकटली की त्याची ताकद कमी होते, तो लवकर फुटतो. त्यावरून बरीच वर्षं लोक मानत होते की ग्राइंडिंग एड दगड नरम करतं, सप्लायर लोक अजूनही ब्रोशरमध्ये तेच छापतात कारण ऐकायला भारी वाटतं. पण मिलमध्ये गोळा आपटल्यावर तडा इतक्या झपाट्याने पळतो की केमिकलचे रेणू तड्याच्या टोकापर्यंत पोचणार कधी? दुसरी बाजू मांडली ती डाऊ केमिकलच्या क्लिम्पेलने, १९७० च्या दशकापासून पुढे. त्याचं म्हणणं असं की ओल्या मिलमध्ये केमिकलचा परिणाम दगडावर नसून स्लरीवर आहे. बारीक कण जमून स्लरी घट्ट झाली की फुटण्याचा वेग पडतो, डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारं केमिकल, टाकलं की ती परत पातळ होते आणि वेग टिकतो. माझा प्लँटमधला सगळा अनुभव या दुसऱ्या बाजूचा आहे. दगड गोळ्याने फुटतो, केमिकलने नाही. केमिकल फक्त गोळ्याच्या वाटेतला चिखल बाजूला करतं.

आता हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, तुमच्या मिलमध्ये चिखल आहे का?

तुम्ही लिहिलंय ७० टक्के सॉलिड. हा आकडा वजनाचा आहे, मार्सी स्केलवर (स्लरी तोलून सॉलिडचा टक्का दाखवणारा काटा) तोच येतो म्हणून सगळे तोच बोलतात. पण स्लरीचा घट्टपणा ठरतो व्हॉल्यूमवर, म्हणजे कणांनी जागा किती व्यापली त्यावर. हेमॅटाइटची ग्रॅव्हिटी ४.५ धरा, म्हणजे पाण्याच्या साडेचारपट जड. १०० किलो स्लरीत ७० किलो ओर म्हणजे साधारण १५.६ लिटर, आणि पाणी ३० लिटर. म्हणजे कण फक्त ३४ टक्के जागा व्यापतात. तांब्याच्या ओरची ग्रॅव्हिटी २.८ च्या आसपास, तिथे ७० टक्क्याला २५ लिटर ओर आणि ३० लिटर पाणी, म्हणजे ४५ टक्के. मार्सीवर आकडा एकच पण एका मिलमध्ये ताक आहे आणि दुसऱ्यात पिठलं. तुम्हाला हेमॅटाइटमध्ये ४५ टक्के व्हॉल्यूमला पोचायचं तर वजनाने जवळजवळ ७९ टक्क्यांवर जावं लागेल. मी तांब्यावरून लोखंडावर गेलो तेव्हा पहिले तीन महिने तांब्याचेच आकडे डोक्यात धरून मिल पातळ चालवत होतो, कुणी बोललं पण नाही कारण सगळेच तसे चालवत होते.

तर कागदावर तुमची मिल पातळ आहे आणि केमिकलने तिला अजून पातळ करून काही मिळणार नाही, उलट फार पातळ झालं की कण गोळ्यावर टिकत नाहीत, गोळ्यावर गोळा आणि लायनरवर गोळा आपटतो, खणखण आवाज येतो, स्टील झिजतं. पण थांबा, तुमच्याकडे माती आहे आणि मातीला हे गणित लागू पडत नाही. केओलिनसारखी बारीक चिकणमाती अगदी पाच-सात टक्के असली तरी स्लरी कमी सॉलिडलाच दह्यासारखी होते, हलवलं की वाहते, थांबलं की बसते. म्हणून कागदावर विश्वास ठेवू नका, मिलवर करून बघा. मिलचं पाणी थोडं थोडं कमी करत ७० वरून ७२, ७४, ७६ असं वर जा, फीड तेच ठेवा, प्रत्येक टप्प्यावर तीन-चार तास स्थिर होऊ द्या, मिल डिस्चार्जचं सँपल घ्या, सायक्लोन (बारीक माल वरून पुढे आणि जाड खालून परत मिलकडे पाठवणारं यंत्र) ओव्हरफ्लोचं, म्हणजे वरून निघणाऱ्या मालाचं घ्या, मिल पॉवर लिहा. सुरुवातीला दळण सुधारेल, मग एका जागी सुधारणा थांबेल आणि मग पडायला लागेल, पॉवर पण घसरेल, आवाज दबेल. ते जे वळण आहे ते तुमच्या मिलचं वळण. केमिकलचं काम एवढंच की ते वळण दोन-चार टक्के पुढे सरकवणं, म्हणजे तुम्ही जास्त घट्ट स्लरी न गुदमरता चालवू शकता. जर वळण ७६ ला येत असेल आणि तुम्ही ७० वर चालताय तर तुम्हाला फुकटात मिळणारा फायदा आधी घ्या, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला पैसे लागत नाहीत. वळण ७१ लाच येत असेल तर मात्र केमिकलची केस बनते.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते, काका म्हणायचो त्यांना, ते डिस्चार्जची स्लरी फावड्यावर घेऊन फावडं तिरकं करायचे आणि किती थर चिकटून राहतो ते बघायचे. मार्सीवाल्याच्या आधी सांगायचे पाणी वाढवा की कमी करा. शास्त्र म्हणाल तर ते व्हिस्कोसिटीच बघत होते, डेन्सिटी नाही, आणि तेच बरोबर होतं.

मिलमध्ये बारीक माल का साचतो हे पण बघाच. दहापैकी सहा-सात वेळा मला उत्तर सायक्लोनमध्ये सापडलंय. अपेक्स, म्हणजे सायक्लोनचं खालचं तोंड, झिजून मोठा झाला की अंडरफ्लोतून, म्हणजे खालून निघणाऱ्या मालातून, पाणी जास्त येतं, आणि ते पाणी आपल्यासोबत झालेला बारीक माल परत मिलमध्ये घेऊन येतं. म्हणजे तयार पीठ पुन्हा जात्यात. ते मिलमध्ये जागा अडवतं, अजून बारीक होतं, चिकट होतं, आणि मग आपण म्हणतो स्लरी घट्ट झाली, केमिकल हवं. अंडरफ्लो छत्रीसारखा फाकून पडतोय आणि डेन्सिटी घसरलीये तर अपेक्स बदला, त्याची किंमत केमिकलच्या दोन-तीन ड्रमइतकी पण नसेल. आणि जमत असेल तर माती मिलच्या आधीच स्क्रबर आणि सायक्लोन लावून काढा. जी माती दळायचीच नाहीये ती मिलमधून का फिरवायची?

अजून एक, जरा आगाऊपणा वाटेल. ४५ मायक्रॉन कुणी ठरवलं? बाँडचा फॉर्म्युला लावा, दळायला किती वीज लागेल ते सांगणारा. वर्क इंडेक्स (ओर दळायला किती अवघड त्याचा आकडा) १२, फीडचा ८० टक्के माल २ मिलिमीटरखाली धरला तर ४५ मायक्रॉनला टनाला साधारण १५.२ युनिट लागतात, ५३ मायक्रॉनला १३.८. म्हणजे नुसतं आठ मायक्रॉन जाड दळलं तर नऊ टक्के वीज वाचली, केमिकलचा एक थेंब न टाकता. बॉलिंगवाले, म्हणजे पेलेट वळणारे, कदाचित नाहीच म्हणतील, बारीक मालाशिवाय पेलेटचा गोळा वळत नाही हे त्यांचं खरं आहे, पण कधी कधी तो आकडा कमिशनिंगच्या वेळी कुणीतरी लिहिलेला असतो आणि नंतर कोणी विचारलेलंच नसतं. विचारा.

समजा हे सगळं झालं आणि तरी केमिकलची गरज दिसली. मग कोणतं? ब्रँडेड ड्रमच्या आत बहुतेक वेळा पॉलिअॅक्रिलेट असतं, कमी मॉलिक्युलर वेटचं. त्याच्याबरोबर स्वस्त पर्याय टेस्ट करा: सोडियम सिलिकेट, सोडा अॅश, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, आणि साधा कॉस्टिकने पीएच वाढवून बघणं. पाण्यातही कणांवर चार्ज असतो, पण तो पीएचप्रमाणे बदलतो. हेमॅटाइटचा चार्ज शून्य होतो ती जागा पीएच सात-आठच्या आसपास असते, क्वार्ट्झची दोनच्या जवळ, म्हणून पीएच ७ ला क्वार्ट्झ आणि माती निगेटिव्ह, हेमॅटाइट जेमतेम शून्याजवळ, सगळे एकमेकांना चिकटणार. पीएच साडेनऊ-दहाला नेला की सगळेच निगेटिव्ह, सगळे एकमेकांपासून पळतात. कित्येकदा तेवढ्यानेच अर्धं काम होतं. कॉस्टिक हाताळताना गॉगल घाला, हे सांगायची गरज नसावी पण प्लँटमध्ये बघतो म्हणून सांगतो. चुन्याने पीएच वाढवायला जाऊ नका, चुन्यातला कॅल्शियम बारीक माल उलटा जमवतो. तांब्याच्या प्लँटमध्ये पायराइट दाबायला (ते तांब्यात मिसळू नये म्हणून) मिलमध्येच चुना टाकतात, तिथे हेक्सामेटाफॉस्फेट टाकलं तर त्यातलं बरंचसं कॅल्शियमला धरण्यातच खर्च होतं.

फॉस्फेटबद्दल लोखंडवाल्यांनी एक हिशोब करून ठेवावा. हेक्सामेटाफॉस्फेटमध्ये साधारण ३० टक्के फॉस्फरस असतो. टनाला २०० ग्रॅम म्हणजे ६० ग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सगळाच मालावर बसला असं वाईटात वाईट धरलं तर ०.००६ टक्के. काही भाग पाण्यात जाईल, पण तुमचा पेलेट आधीच फॉस्फरसच्या लिमिटवर असेल तर ग्राहकाच्या लॅबशी भांडण नको.

लॅब टेस्टमध्ये दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हीत पडलोय. पहिला पाण्याचा. एकदा मी लॅबमध्ये डिस्टिल्ड वॉटरवर टेस्ट केली, छान दहा टक्के फायदा, सगळ्यांना सांगून मोकळा झालो, प्लँटमध्ये टाकलं तर शून्य. प्लँटचं पाणी थिकनरमधून परत येणारं, हार्डनेस भरपूर, वर त्यात उरलेलं फ्लोक्युलंट. म्हणजे एका बाजूने मी कण सुटे करायचं औषध घालतोय आणि दुसऱ्या बाजूने पाणी जमवायचं औषध घेऊन येतंय. तेव्हापासून टेस्टसाठी पाण्याचे कॅन प्लँटमधूनच भरतो.

दुसरा खड्डा चाळणीचा आणि हा जास्त फसवा आहे. बिना केमिकलच्या सँपलमध्ये बारीक कण जाड कणांना चिकटलेले किंवा गुठळीत असतात, नीट धुतलं नाही तर ते चाळणीवरच राहतात, म्हणून माल जाड दिसतो. केमिकलच्या सँपलमध्ये सगळे सुटे, भराभर खाली जातात, माल बारीक दिसतो. दळण तेवढंच झालेलं असतं, फक्त मोजणी बदलली! लेझर मशीनवर पण हेच होतं. उपाय सोपा आहे, चाळण्याच्या आधी दोन्ही सँपलमध्ये सारखंच भरपूर डिस्पर्संट घाला, मग ओलं चाळा, मग तुलना करा. सप्लायरच्या रिपोर्टमध्ये हे केलं होतं का ते विचारा. मी विचारलं तेव्हा एकदा समोरच्याने विषय बदलून चहा मागवला होता.

प्लँट ट्रायल म्हणाल तर सरळ एक महिना चालू, त्याआधीचा महिना बंद, असली तुलना करू नका. ओरचा कडकपणा आठवड्यात दहा टक्के इकडेतिकडे होतो, नवे गोळे टाकले की मिल सुधारते, लायनर बदलले की बिघडते, आणि आपण शोधतोय पाच-आठ टक्के. एका ट्रायलला माझ्या डोळ्यादेखत असं झालं की ट्रायल सुरू व्हायच्या चार दिवस आधी मेंटेनन्सने गोळ्यांचा टॉप-अप केला होता, आणि महिनाअखेरीस सगळं श्रेय ड्रमला मिळालं. दोन-दोन दिवसांच्या पाळ्या करा, दोन दिवस चालू दोन दिवस बंद, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, बदलाचे पहिले आठ-दहा तास मोजू नका कारण परतीच्या पाण्यात जुनं केमिकल फिरत असतं. असे किमान आठ-दहा जोड तरी हवेत. गोळे रोज थोडे थोडे टाका, एकदम नको. आणि शक्य असेल तर शिफ्टच्या लोकांना कोणत्या दिवशी चालू आहे ते सांगू नका, ते मुद्दाम काही करतात म्हणून नाही, पण चालू आहे म्हटलं की फीड थोडं जास्त ढकललं जातंच.

डोस मिलच्या फीड च्यूटमध्येच, पातळ सोल्यूशन करून, पंप फीड बेल्टला इंटरलॉक केलेला. फीड ट्रिप झाल्यावर रात्रभर केमिकल मिलमध्ये जात राहिलेलं मी बघितलंय, सकाळी थिकनरमध्ये लाल पाणी.

आणि त्या लाल पाण्याबद्दलच मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी आहे. मिलमध्ये जे कण सुटे केले ते पुढे पण सुटेच राहतात. थिकनरमध्ये ते बसत नाहीत, ओव्हरफ्लो गढूळ होतो, मग फ्लोक्युलंट दीडपट, म्हणजे आधी सुटं करायला पैसे आणि मग जमवायला पैसे. त्याच्या पुढे तुमचा फिल्टर. सुट्या बारीक कणांचा केक दाट बसतो, पाणी निघत नाही, मॉइश्चर चढतं. बॉलिंग डिस्कला साधारण नऊ टक्क्यांच्या आसपास माल हवा असतो, तो साडेदहा झाला की पेलेटचे गोळे चिकटतात, मोठे होतात, मग बेंटोनाइट (गोळा बांधणारी माती) वाढवा, मग पेलेटमध्ये सिलिका वाढली म्हणून ओरड. ट्रायलमध्ये मिलचे आकडे मोजता तसेच फिल्टर केकचं मॉइश्चर, फ्लोक्युलंटचा खप आणि बेंटोनाइटचा खप पण त्याच वहीत लिहा. सप्लायर फक्त मिलचे आकडे दाखवेल, त्यात त्याची चूक नाही, त्याने मिलचंच केमिकल विकलंय.

पैशाचं गणित. केमिकल १५० रुपये किलो धरा, २०० ग्रॅम म्हणजे टनाला ३० रुपये. मिलची वीज १५ युनिट, ८ रुपयाने १२० रुपये. दहा टक्के वीज वाचली तरी १२ रुपये. म्हणजे वीज वाचवायला केमिकल टाकणं हा सरळ तोटा आहे, टनामागे १८ रुपयांचा. ते परवडतं फक्त जास्त टनांवर. २०० चे २१६ टीपीएच झाले तर तासाला केमिकल ६,४८० रुपयांचं, वरच्या १६ टनांची वीज वाचली १,९२० ची, उरलेले ४,५६० रुपये त्या १६ टनांनी कमवायचे, म्हणजे वरच्या प्रत्येक टनाने किमान २८५ रुपये सुटले पाहिजेत. पेलेटचा बाजार बरा असेल तर सुटतीलही. पण ते १६ टन पुढे जाणार कुठे? फिल्टर घेतो का, डिस्क घेते का, खाण तेवढं ओर देते का? मिल खरंच बॉटलनेक असेल तरच हे गणित उभं राहतं. तुमच्या दरांनी आकडे बदला, पद्धत हीच ठेवा.

केमिकल कुठेच कामाचं नाही असं मात्र वाटू देऊ नका. कागद आणि पेंटसाठी कॅल्शियम कार्बोनेट दोन मायक्रॉनच्या आसपास ओलं दळतात, तिथे पॉलिअॅक्रिलेटशिवाय मिल चालणारच नाही, अर्धा-एक टक्का लागतं आणि ते कुणाला महाग वाटत नाही. स्टर्ड मिलमध्ये (आतली माती-माल ढवळून खूप बारीक दळणारी मिल) २० मायक्रॉनच्या खाली रीग्राइंड, म्हणजे दळलेला माल पुन्हा दळणं, करायचं असेल तर मी स्वतः पहिल्या दिवसापासून डिस्पर्संटची लाईन टाकून ठेवीन. जितकं बारीक तितकी केमिकलची गरज. ४५ मायक्रॉन म्हणजे तुम्ही बरोबर मधल्या कुंपणावर आहात.

एक मधला मार्ग तुमच्यासाठी चालू शकतो. वर्षभर न टाकता फक्त जून ते सप्टेंबर, जेव्हा माती येते आणि ते वळण खाली सरकतं, तेव्हा १०० ग्रॅमच्या आत डोस. मी एका ठिकाणी हे केलंय, फिल्टरला फारसा त्रास झाला नाही. पण तिथे फिल्टरमध्ये जागा शिल्लक होती.

आता मिलचं पाणी कमी करत गेल्यावर वळण कितीला येतं, अंडरफ्लोची डेन्सिटी किती आणि अपेक्स शेवटचा कधी बदलला, हे तीन आकडे काढा आणि मला कळवा. सप्लायरला तोवर सांगा की सँपलचा एक कॅन पाठवून दे, ड्रम नको.